राजाश्रय सरला; लोकाश्रयाचे काय?

कलेला आश्रय मिळाला असे केव्हा म्हणावे? तिच्यासाठी एखादी भव्य वास्तू उभी राहिली म्हणजे, की ती शिकणारा आणि ऐकणारा माणूस तयार झाला म्हणजे? भोपाळच्या भारत भवनाविषयी बोलताना हा प्रश्न टाळून चालणार नाही.

श्यामला टेकडीवरील या वास्तूचे उद्घाटन १३ फेब्रुवारी १९८२ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. स्थापत्यकार चार्ल्स कोरिया यांनी ती टेकडीच्या उतारात अशी बसविली आहे की, रस्त्यावरून पाहणाऱ्यास इमारत म्हणून फारसे काही दिसतच नाही. पायऱ्या उतरत एका चौकातून दुसऱ्या चौकात जावे, तेव्हा समोर मोठा तलाव पसरलेला दिसतो. ‘रूपंकर’ हे चित्रशिल्पांचे संग्रहालय, ‘रंगमंडल’ ही नाट्यशाखा, ‘वागर्थ’ हे कवितेचे दालन आणि ‘अनहद’ हे संगीताचे, अशी तिची अंगे आहेत. पैसा राज्य सरकारचा. परंतु १९८२ सालीच कायदा करून कारभार एका न्यासाकडे सोपविण्यात आला. या सर्व खटाटोपामागे अशोक वाजपेयी या कवी असलेल्या अधिकाऱ्याचा मोठा हात होता.

दरबाराच्या आठवणींत वाढलेल्या आपल्या घरांना हा नवा आश्रय आरंभी परका वाटला असल्यास नवल नाही. भोपाळचे संस्थान १ जून १९४९ रोजी भारतात विलीन झाले आणि १९५६ साली शहर नव्या मध्य प्रदेशाची राजधानी बनले. नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथून आलेल्या मराठी कुटुंबांची भर तेव्हा येथील जुन्या घरांत पडली. त्यांच्या बोलण्यात हद्दूखाँ-हस्सूखाँचे ग्वाल्हेर येई, होळकरांचे इंदूर येई. सरकारी खात्याने चालविलेल्या कलाघराचा उल्लेख कोठून येणार? तरीही न्यायाने बोलावयाचे तर, जे या कलाघराने आरंभीच्या काळात केले, ते फार थोड्या दरबारांनी केले असेल.

रूपंकरचे जगदीश स्वामिनाथन यांनी आपल्या सहकाऱ्यांना खेड्यापाड्यांत पाठविले. मंडला जिल्ह्यातील (आता दिंडोरी) पाटनगढ गावी त्यांना जनगढसिंह श्याम हा परधान गोंड तरुण सापडला. परधान हे मूळचे गोंडांचे भाट. बाना हे तंतुवाद्य वाजवून वंशकथा गाणे हा त्यांचा पिढीजाद व्यवसाय. यजमान विरळ झाले तसे गाणेही आटत चालले होते. जनगढने त्या कथांतील देव, पशुपक्षी आणि झाडे कागदावर आणली. २००१ साली जपानात त्याचा अकाली अंत झाला. परंतु त्याच्यामागून भोपाळला आलेले त्याचे आप्त आणि गाववाले आज त्या शैलीवर उपजीविका करीत आहेत, आणि ती शैलीच ‘जनगढ कलम’ म्हणून ओळखली जाते. झाबुआकडील भिल्ल चित्रकार भूरीबाई तर याच वास्तूच्या बांधकामावर मजूर होत्या. स्वामिनाथनांनी त्यांच्या हाती रंग दिले. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनीत वाढलेले आणि काशीस ओंकारनाथ ठाकुरांकडे गाणे शिकलेले ब. व. कारंत रंगमंडलाचे पहिले संचालक झाले, व त्यांनी बुंदेली, माळवी, छत्तीसगढी या बोलींना रंगमंचावर मानाने बसविले. देवासला कुमार गंधर्वांनी माळव्याच्या लोकधुनांतून नव्या रागांची बीजे वेचली, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या देवघेवीचे मोल वेगळे सांगावयास नको.

परंतु खरा धडा भारत भवनाच्या भिंतींबाहेर, याच शहरात मिळतो. १९८१ साली उस्ताद अलाउद्दीन खाँ संगीत अकादमीने भोपाळला ध्रुपद केंद्र काढले. उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर यांनी तेथे सुमारे पंचवीस वर्षे विद्यादान केले. शिष्यांना शिष्यवृत्ती, डोक्यावर गुरू, आणि पहाटेचा खर्जाचा रियाज! तेथे ना रोषणाई होती, ना हारतुरे. एका षड्जावर महिनेच्या महिने घालविणाऱ्या मुलांचे छायाचित्र कोणते वर्तमानपत्र छापणार? पण उज्जैनचे उदय भवाळकर हे डागर उस्तादांकडे भोपाळलाच तयार झाले आणि आज पुण्यात राहून ध्रुपद शिकवीत आहेत. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर एकोणिसाव्या शतकात दक्षिणेतून ग्वाल्हेरीस गेले, वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे राहून ख्याल शिकले आणि ती विद्या त्यांनी कृष्णाकाठी आणली. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी पुन्हा उत्तरेकडील विद्या दक्षिणेस गेली ती याच मार्गाने, म्हणजे गुरूच्या सहवासात घालविलेल्या वर्षांच्या जोरावर.

म्हणूनच आमचे म्हणणे असे की, समारोह आणि शिक्षण यांची गल्लत होऊ नये. समारोहाचा खर्च दिसतो. मंत्री येतात, मंडप सजतो, दुसऱ्या दिवशी बातमी येते. शिक्षणाचा खर्च दिसत नाही आणि त्याचे फळ दहा-पंधरा वर्षांनी हाती लागते. तोवर मंत्री बदललेला असतो, अधिकारीही बदललेला असतो. राजाश्रय एका राजाच्या रसिकतेवर टिके. सरकारी आश्रय एका अधिकाऱ्याच्या उत्साहावर टिकतो. रसिक राजा गेला की गवई बिदागीविना राहत. उत्साही अधिकारी गेला की संस्थेचे दिवे तेवढे लागत राहतात. कायद्याने न्यास निर्माण करता येतो, श्रोता निर्माण करता येत नाही.

तो श्रोता कोठून यावा? येथे आपल्याकडेही थोडे बोट दाखविले पाहिजे. आपली मंडळे गणेशोत्सव साजरे करतात, नाट्यसंगीताचे कार्यक्रम करतात, आणि ते उत्तमच आहे. पण त्या मांडवात बसणारे आपणच, गाणारे आपलेच. गोंड चित्रे, छत्तीसगढी नाटक किंवा ध्रुपदाचा आलाप याच शहरात असताना आपल्यातील किती जण मुलाचे बोट धरून तेथे जातात? मुलगा विशारदच्या परीक्षेसाठी रागांची यादी पाठ करतो. पण समोर बसून तासभर एक राग ऐकण्याची संधी त्याला कोणी देत नाही. असा मुलगा परीक्षा उतरेल. त्याचा कान मात्र घडणार नाही.

ज्यांना हे खटकते त्यांनी दोन गोष्टी कराव्यात. महिन्यातून एक संध्याकाळ मुलांना घेऊन तलावाकाठच्या त्या रंगमंचासमोर जाऊन बसावे. कार्यक्रम आपल्या भाषेतला नसला तर अवश्य बसावे. आणि आपल्या दिवाणखान्यात वर्षातून एकदा तरी एखाद्या शिकत्या कलावंताची बैठक करून त्याच्या हाती योग्य बिदागी ठेवावी. सरकारकडे आमची मागणी एवढीच की, उत्सवाच्या प्रत्येक रुपयामागे शिक्षणासाठी किती रुपये ठेवले, याचा हिशेब त्याने दरवर्षी लोकांपुढे मांडावा. हिशेब मागणारे लोक असले तर तो मांडला जाईल. तसे लोक आपल्यात किती आहेत, यावरच त्या टेकडीवरील घराचे पुढचे दिवस ठरणार आहेत.