कडुलिंबाभोवतीची माती

आमच्या अंगणात एक कडुलिंब आहे, अब्बांनी लावलेला. दहा वर्षांपूर्वी आम्ही घराची दुरुस्ती काढली आणि अंगणात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फरशी बसवून घेतली. चिखल नको होता, रोजचा पाचोळा नको होता, गाड्या लावायला जागा हवी होती. सिमेंट थेट कडुलिंबाच्या बुंध्याला टेकले. अम्मी तेवढी म्हणाली, "अरे, त्याच्या मुळांना पाणी प्यायला तरी जागा ठेवा." आम्ही हसलो. निघालेला राडारोडा ट्रॅक्टरवाल्याने जवळच्या झाडीत नेऊन टाकला. कुठे टाकला, हे आम्ही विचारलेही नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्येच बोअर आटला. कडुलिंबाचा शेंडाही वाळू लागला. टँकरसाठी दारात ड्रम मांडताना अम्मीचे शब्द आठवले.

आमचे शहर औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. १६१० मध्ये मलिक अंबरने येथे खडकी वसवली आणि उत्तरेकडच्या डोंगराळ भागातले जमिनीतले पाणी खापराच्या नळांनी शहरात आणले. ना पंप, ना वीज. केवळ जमिनीचा उतार. पुढे अशाच नहरीच्या पाण्यावर बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळची पाणचक्की फिरली आणि फकिरांसाठी, मुसाफिरांसाठी पीठ दळले गेले. त्या नहरी चालल्या, कारण वरच्या जमिनीत पाऊस मुरत होता. आज आपण पन्नासेक किलोमीटरवरच्या जायकवाडीतून पाणी वर चढवून आणतो आणि तरीही नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते.

दिल्ली दरवाजाजवळची हिमायतबाग सर्वांनी पाहिली असेल. मुघल काळापासूनची ही बाग म्हणजे जवळजवळ तीनशे एकरांची मोकळी माती आणि जुनी आंब्या-चिंचेची झाडे. तिथे पडणारा पाऊस गटाराकडे धावत नाही, पाचोळ्यात थांबतो आणि जमिनीत उतरतो. अशा झाडीत राडारोडा टाकणे म्हणजे शहराच्या विहिरीवर झाकण ठेवणे. आणि प्रत्येकाचे अंगण हा त्याच झाडीचा लहानसा तुकडा आहे. आम्ही दोन्हीकडे झाकण ठेवले होते.

एक साधा हिशेब पाहा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. हजार चौरस फुटांचे छप्पर म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. आपल्याकडे वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला, तर ६५ हजार लिटर होतात. काही वाया गेले तरी ५० हजार लिटर हाती लागतात. हे पाणी आपण गटारात सोडतो आणि उन्हाळ्यात टँकर विकत घेतो.

मे महिन्यात आम्ही कडुलिंबाभोवतीची फरशी चारही बाजूंनी मीटरभर फोडली आणि माती मोकळी केली. छपराचा पाइप मोठे दगड, खडी आणि वाळूचे थर घातलेल्या ड्रममध्ये सोडला. तिथून गाळलेले पाणी बोअरजवळच्या शोषखड्ड्यात जाते. पावसाचे पहिले पाणी धुळीचे असते, ते बाहेर सोडायचे. सांडपाणी या खड्ड्यात कधीही जाऊ द्यायचे नाही आणि खड्डा संडासाच्या टाकीपासून दूरच हवा.

मग घरातल्या नळाकडे पाहिले. वजू करताना खाली बादली ठेवली, तर एका वजूला सहा लिटर पाणी गेले! अल्लाहचे रसूल (स.) एक मुद पाण्यात, म्हणजे लिटरभराच्या आतच, वजू करत असत, असे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आले आहे. मुलांनी आता तांब्या घेतला आहे. वजूच्या पाण्यात साबण नसतो, म्हणून ते पाणी कडुलिंबाला जाते.

एका पावसात बोअर भरला, असे आम्ही सांगणार नाही. यंदा तो मे महिन्यापर्यंत टिकला, एवढे खरे. कडुलिंबाला खालच्या फांद्यांवर पालवी आली आहे. शेंडा मात्र वाळलेलाच आहे.

वाचकहो, घर आपल्या नावावर असते, पण त्याखालचे पाणी गल्लीचे असते. आपण अंगण बांधून काढले की शेजाऱ्याची विहीरही आटते. झाडाचेही तसेच. १९७५ च्या कायद्याने शहरात स्वतःच्या अंगणातले झाड तोडायलाही परवानगी लागते. पण कायद्याच्या आधी आपल्याकडे अमानत हा शब्द आहे. घरदुरुस्ती काढाल तेव्हा दोन गोष्टी करा. झाडाभोवती माती ठेवा आणि राडारोडा कुठे जाणार, हे ट्रॅक्टरवाल्याला आधी विचारा. आम्ही विचारले नव्हते.