तिला गायिका म्हणा

कबुलीपासून सुरुवात करतो. जानेवारी २०१२मध्ये मी एका दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होतो. परदेशी वृत्तसंस्थेची बातमी आली. इजिप्तमध्ये लक्झरजवळच्या 'व्हॅली ऑफ द किंग्ज'मध्ये नवं थडगं सापडलं, आत बंद शवपेटी, पेटीत एका मंदिरगायिकेची ममी. आतल्या पानावर दोन कॉलम जागा होती. 'मंदिरगायिका' मथळ्यात बसत नव्हतं असं नाही, मला तो शब्द फिका वाटला. मी मथळा दिला, 'राजांच्या दरीत देवदासीचं थडगं'. शाबासकीही मिळाली.

दुसऱ्या दिवशी एका बाईंचा फोन आला. वयस्कर आवाज, बोलण्यात गोव्याचा हेल. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "अहो, तिच्या पेटीवर काय लिहिलं होतं?" मी म्हणालो, "अमून देवाची गायिका." "मग तुम्ही देवदासी कुठून आणलीत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी काहीतरी गुळमुळीत बोललो, त्यांनी फोन ठेवला. तो प्रश्न त्यानंतर माझ्या डोक्यातून गेला नाही. हा लेख म्हणजे त्या फोनचं उशिरा दिलेलं उत्तर आहे. आणि अजूनही इजिप्तच्या कुठल्याही गायिकेबद्दल मराठीत लिहिताना जे हात सवयीने 'देवदासी' टंकतात, त्यांच्याशी भांडणही आहे.

आधी ती बाई कोण होती ते सांगू. तिचं नाव नेहमेस-बास्तेत. बास्तेत ही मांजराच्या रूपातली देवी, आणि नावाचा अर्थ साधारण 'बास्तेत हिचं रक्षण करो' असा. काळ बाविसाव्या राजघराण्याचा, म्हणजे इसवी सनापूर्वी दहावं ते आठवं शतक. हे राजघराणं नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या बुबास्तिसचं, बास्तेतच्या गावचं. त्यामुळे तेव्हा असं नाव ठेवणं फॅशनीतच होतं म्हणायचं. तिचे वडील नाख्तेफमुत कर्नाकच्या देवळात पुजारी होते.

थडगं शोधलं स्वित्झर्लंडच्या बाझेल विद्यापीठाच्या पथकाने. सुझान बिकेल आणि एलिना पाउलिन-ग्रोटे या दोघी त्याच्या प्रमुख. खड्ड्याची दगडी कड पहिल्यांदा दिसली तो दिवस २५ जानेवारी २०११, म्हणजे कैरोच्या तहरीर चौकात उठाव सुरू झाला तोच दिवस. पथकाने खड्ड्यावर लोखंडी झाकण बसवलं आणि वर्षभर वाट पाहिली. पुढच्या हंगामात उतरून पाहिलं तर काही मीटर खोल खड्डा, तळाशी एक छोटी खोली. त्या खोलीत खरं तर आधीचं दफन होतं, अठराव्या राजघराण्याच्या काळातलं. ते प्राचीन काळीच लुटलं गेलं होतं. त्यानंतर सुमारे पाचशे वर्षांनी, त्याच ढिगाऱ्यावर, नेहमेस-बास्तेतची काळी लाकडी पेटी ठेवली गेली. पेटीवर पिवळ्या रंगातली चित्रलिपी. सोबत एक रंगवलेला लाकडी फलक, त्यावर ती स्वतः देवासमोर उभी आहे. बस, इतकंच. सोनं नाही, रथ नाही. या थडग्याला केव्ही ६४ हा क्रमांक मिळाला. तुतनखामेनचं थडगं १९२२ साली सापडलं, त्यानंतर या दरीत आतल्या माणसासकट न विस्कटलेलं दफन मिळालं ते हेच.

आता भांडणाचा मुद्दा. तेव्हा अधिकाऱ्यांनी जगाला जे सांगितलं आणि वृत्तसंस्थांनी जे छापलं, त्यातलं ठळक वाक्य असं होतं: राजघराण्याशी नातं नसलेल्या बाईचं या दरीत सापडलेलं हे पहिलंच थडगं. ही बाई काय करायची याआधी ती कोणाची कोणी *नाही*, हे सांगायची घाई. आणि तो दावाही तपासायला हवा होता. हॉवर्ड कार्टरला १९०३ साली याच दरीत केव्ही ६० सापडलं, तिथे शाही दाईचं नाव कोरलेली पेटी मिळाली. दाई काही राजाची नातेवाईक नव्हे.

त्याहून मजेशीर उदाहरण केव्ही ४६चं. १९०५ साली सापडलेलं युया आणि थुया या जोडप्याचं थडगं. थुया कोण, असं कुठल्याही पुस्तकाला विचारा. उत्तर मिळेल, राणी तिये हिची आई, फेरो तिसरा आमेनहोतेप याची सासू. पण थुयाच्या पदव्यांमध्ये 'अमूनची गायिका' ही पदवीही आहे. म्हणजे केव्ही ६४च्या कितीतरी आधी या दरीत अमूनची एक गायिका सापडलेली होती. ती कोणाच्या डोळ्यात भरली नाही, कारण तिला आपण आधीच सासू करून टाकलं होतं.

थुयाची आणखी एक पदवी आहे, आणि खरी गोम तिच्यात आहे. ती अमूनच्या आणि मिनच्या 'खेनेर'ची प्रमुख होती. हा 'खेनेर' शब्द दीर्घकाळ 'हरम' असा भाषांतरित होत राहिला. कारण काय, तर कोंडणे, अडवणे अशा अर्थाच्या धातूशी तो जुळतो. आणि पूर्वेकडे बायका एकत्र दिसल्या की तो जनानखानाच असणार, ही युरोपीय पंडितांची पक्की समजूत. मग 'अमूनचा जनानखाना' तयार झाला, त्यातल्या गायिका देवाच्या उपपत्नी झाल्या. १९८१ साली डेल नॉर्ड या अभ्यासिकेने पुरावे पुन्हा मांडून दाखवलं की खेनेर म्हणजे गाणाऱ्या-नाचणाऱ्यांचा ताफा. थडग्यांच्या भिंतींवर हे ताफे टाळ्या वाजवताना, ताल धरताना दिसतात. कोंडलेल्या बायका तिथे नाहीतच, कामावर असलेल्या बायका आहेत. म्हणजे थुया ही जनानखान्याची मुख्य नव्हती, ताफ्याची मुख्य होती. एका शब्दाच्या भाषांतराने कितीतरी बायकांचा व्यवसाय पुसला जाऊन तिथे बिछाना आला.

याला जुनी साक्षही काढली जाते, स्ट्रेबोची. या ग्रीक भूगोलकाराने थीब्जमध्ये देवाला वाहिलेल्या मुलीबद्दल आणि तिच्या देहविक्रयाबद्दल लिहिलं आहे. पण तो इजिप्तमध्ये आला इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या अखेरीस, नेहमेस-बास्तेतनंतर सात-आठशे वर्षांनी. हेरोडोटस तर त्याच्याही आधीचा, आणि त्याने ठोकून दिलंय की इजिप्तमध्ये कुठलीच बाई कुठल्याच देवाची पुजारीण नसते. ते उघडच चूक आहे. पाहुण्यांच्या डायरीवरून घरच्या बायकांची कामं ठरवायची नसतात.

घरच्या बायकांचे कागद आहेत की! विसाव्या राजघराण्याच्या शेवटच्या काळातलं एक पत्र टिकून आहे. लिहिणारी हेनुत्तावी, पदवी अमूनची गायिका. पत्र नेसामेनोपे नावाच्या लेखनिकाला. विषय काय? भक्तीही नाही, शृंगारही नाही. बोटीतून आलेलं धान्य मोजून घ्यायला ती स्वतः गेली आणि माप कमी भरलं, याची तक्रार. थडगी खोदणाऱ्या कामगारांच्या पगाराचं धान्य असायचं ते. ही बाई देवळात गायची आणि धक्क्यावर जाऊन हिशेबही तपासायची. तिला दासी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, पण आधी तिच्यासमोर धान्य मोजून दाखवा.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. थीब्जच्या वरच्या वर्गातल्या पुष्कळ बायका ही पदवी लावत. मग ती नुसती मानाची पदवी नसेल कशावरून? नेहमेस-बास्तेत रोज उठून कर्नाकला गायला जात होती याचा पुरावा काय? रोजचा पुरावा नाही. पण दोन गोष्टी आहेत. एक, या बायका सिस्ट्रम नावाचं, आडव्या सळ्या खुळखुळवायचं वाद्य आणि मेनात ही मण्यांची माळ हातात घेऊन ताल धरताना चित्रांत दिसतात. पुजाऱ्यांसारखंच त्यांचंही काम पाळ्यांनी चाले. दुसरं, पदवी मानाची होती असं मानलं तर माझा मुद्दा आणखी घट्ट होतो. ज्या समाजात खानदानी बाई मरताना 'गायिका' ही ओळख पेटीवर कोरून घेते, तिथे गाणं ही प्रतिष्ठा होती. तिला दासी म्हणायला आपण कोण?

दुसरा आक्षेप मराठी वाचकाचा. 'अहो, देवदासी हा काही अपमान नाही, मूळ अर्थ देवाची सेविका.' मूळ अर्थ काय ते मलाही ठाऊक आहे. पण शब्द मूळ अर्थाने जगत नाहीत. मुंबई प्रांतात १९३४ साली देवदासी संरक्षणाचा कायदा झाला, महाराष्ट्राला २००५ सालीही निर्मूलनाचा कायदा करावा लागला, तो शब्दाच्या व्युत्पत्तीसाठी नव्हे. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या, बहुतेक दलित घरांतल्या मुलींच्या वाट्याला जे आलं, त्याचं ते नाव आहे. नेहमेस-बास्तेत पुजाऱ्याची मुलगी, नाव कोरलेली, फलक रंगवलेली, राजांच्या दरीत जागा मिळालेली. या दोघींना एका शब्दात कोंबलं की अन्याय दोघींवर होतो. इजिप्तच्या बाईची कला जाते. आणि जोगतिणीच्या वाट्याला आलेली जबरदस्ती 'काय करणार, जगात सगळीकडे पूर्वापार असंच होतं' या उसाशात विरघळते. माझ्या मथळ्याचं मोठं पाप हे दुसरं होतं. मी एका चालू शोषणाला तीन हजार वर्षांची पुरातन झिलई दिली.

आणि गोवा? तिथल्या देवळांशी बांधलेल्या कलावंत घराण्यांतून आलेल्या बायकांनी आपलं नाव स्वतः कमावलं. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांना आज आपण गायिका म्हणतो, आणि आधी तेच म्हणतो. केसरबाईंचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत बसून अंतराळात गेला, तो गायिकेचा आवाज म्हणून गेला. हा शब्द आपसूक मिळालेला नाही. समाजाने दुसरे शब्द तयार ठेवले होते, ते बाजूला सारून तो मिळवावा लागला. फोनवरच्या त्या बाई कोण होत्या, कुठल्या घरातल्या होत्या, हे मी विचारलं नाही. पण 'गायिका' या शब्दाची किंमत त्यांना माझ्यापेक्षा नक्की जास्त माहीत होती.

मग करायचं काय? फार काही नाही. इजिप्तवर मराठीत लिहिणाऱ्यांनी, भाषांतर करणाऱ्यांनी, संग्रहालयात पाट्या लिहिणाऱ्यांनी तीन गोष्टी पाळाव्यात. 'हरम' आणि 'जनानखाना' हे शब्द खेनेरसाठी वापरू नयेत. 'ताफा' हा आपला चांगला, वापरातला शब्द आहे. बाईचं काम माहीत असेल तर ते आधी लिहावं, वडील-नवरा-जावई नंतर. आणि 'देवदासी' हा शब्द ज्यांच्यावर ते लादलं गेलं त्यांच्यासाठी, आणि त्याचा हिशेब मागण्यासाठी राखून ठेवावा. मथळा चटपटीत करायला तो उसना घेऊ नये.

नेहमेस-बास्तेत काय गायची, कुठल्या सुरात, ते गेलं. इजिप्तच्या लोकांनी त्या काळी सूर लिहून ठेवले नाहीत. उरला तो तिचा हुद्दा. तीन हजार वर्षं अंधारात तो शाबूत राहिला, आणि मी तो एका रात्रपाळीत, दोन कॉलमांच्या जागेत बदलून टाकला. दुरुस्ती तेव्हा छापली नाही. ती आता करतो: राजांच्या दरीत सापडलं ते गायिकेचं थडगं होतं.