विश्लेषण : अंगणवाडीचे नाव देशभर गेले, पद्धत कुठे राहिली?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० मध्ये ३ ते ८ या वयाला पायाभूत टप्पा मानून खेळातून, कृतीतून शिकण्याचा आग्रह धरला. महाराष्ट्राला यात नवे काही वाटू नये. तरीही ‘माँटेसरी’ची पाटी लावलेल्या अनेक शाळांत चार वर्षांचे मूल आजही चौकटीच्या वहीत अक्षरे गिरवताना दिसते. असे का?

मूळ कल्पना काय?

मारिया माँटेसरी या इटलीतील डॉक्टर. १९०७ मध्ये रोममधील सॅन लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह सुरू केले. त्यांचे एक साधे साधन पाहा. लाकडी ठोकळ्यात दहा खाचा आणि त्यांत बसणारे लहानमोठे दहा दट्टे. बारीक दट्ट्या मोठ्या खाचेत गेला, की शेवटी एक जाडा दट्ट्या हातात उरतो. तो कुठेच बसत नाही. चूक दाखवायला बाई लागत नाहीत. मूल स्वत:च थांबते, सगळे काढते, पुन्हा लावते. बाईंचे काम यात कमी होत नाही. केव्हा बोलायचे नाही, हे कळायलाच अधिक प्रशिक्षण लागते.

महाराष्ट्रात ती कशी रुजली?

गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढले. त्यांच्यासोबत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडला गेले. महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हेच मोजायचे आणि लावायचे साहित्य झाले. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात भरली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणावर कुरणशाळा निघाली. मुलाच्या कलाने घेण्याचा इतका शब्दश: अर्थ फार थोड्यांनी लावला असेल.

मग अडते कुठे?

१९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी देशभर नेली. पण सेविकेच्या वाट्याला पोषण आहार, वजन-उंची, लसीकरणाचा पाठपुरावा, मोबाइलवरच्या नोंदी आल्या. शिकवणे उरलेल्या वेळात. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटाचा. त्याखालचे वय शहरांत मुख्यत: खासगी बालवाड्यांच्या हाती. तेथे पालक शुल्क मोजतात ते भरलेल्या वहीसाठी. दट्ट्यांशी तासभर झुंजलेल्या मुलाकडे घरी दाखवायला काहीच नसते. पालकांना दोष देऊन भागणार नाही, पहिलीच्या प्रवेशाची धास्ती त्यांनी निर्माण केलेली नाही.

धोरण राबवताना साधनपेट्यांच्या खरेदीला हात घालण्याआधी सरकारने सेविकेचे रोजचे दोन तास नोंदी आणि सर्वेक्षणांतून मोकळे करावेत. त्यासाठी निविदाही काढावी लागणार नाही.