वजनकाट्याविना गेलेला माल

सातपाटीच्या बंदरात बोट लागली की पापलेटचे वजन होते, वजनानुसार प्रतवारी लागते आणि मग भाव ठरतो. हा व्यवहार आकाशातून पडलेला नाही. व्यापाऱ्याने नजरेने अंदाज करावा आणि त्याच्या आगाऊ रकमेने बांधलेल्या मच्छीमाराने तो मुकाट्याने मान्य करावा, या रीतीविरुद्ध सहकारी चळवळ झगडली, तेव्हा कुठे वजनकाटा आला.

आज त्याच बंदरातून दुसरा एक माल काट्यावर न चढताच बाहेर जात आहे. मासळीची छायाचित्रे, हळदी-साखरपुड्याची गाणी, कोळी बोलीतील थट्टामस्करी हे सारे तरुण मुले फेसबुक-इन्स्टाग्रामवर टाकतात. सप्टेंबर 2024 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीपुढे मेटा कंपनीच्या प्रतिनिधीने कबूल केले की, 2007 पासूनचा प्रौढांचा सार्वजनिक मजकूर व छायाचित्रे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी वापरली जातात. युरोपात कायद्याच्या धाकाने कंपनीला हरकतीची सोय द्यावी लागली. ऑस्ट्रेलियात ती दिली नाही, कारण तिथे कायद्याचे तसे बंधन नव्हते. म्हणजे हा प्रश्न तंत्राचा नसून सत्तेचा आहे.

भारतात काय स्थिती आहे? सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यानंतर 2023 मध्ये वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. संमतीची सूचना मराठीतून मागण्याचा हक्क त्यात आहे, हे चांगलेच. परंतु नागरिकाने स्वतः सार्वजनिक केलेली माहिती या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहे. कंपनीला अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो; तो सरकारी तिजोरीत जाईल, ज्याची माहिती गेली त्याला भरपाई नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये नियम निघाले, पण नागरिकांच्या हक्कांची कलमे अठरा महिने पुढे ढकलली गेली. माहिती अधिकाराला कात्री लावणारे कलम मात्र तात्काळ लागू झाले! सामान्य माणूस कंपनीपुढे उघडा आणि सरकार सामान्य माणसापुढे झाकलेले, असा हा न्याय आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो. छायाचित्र तर मालकापाशीच राहते. मग त्याचे गेले काय? मासळी विकली की संपते, माहिती संपत नाही, हे खरे. परंतु कोट्यवधी लोकांच्या बोलण्या-लिहिण्यातून घडलेले यंत्र मात्र मूठभर कंपन्यांच्या मालकीचे होते. श्रम समाजाचे, भांडवल खासगी, हे जुनेच सूत्र. शिवाय यंत्राने एकदा आत्मसात केलेले वेगळे काढणे अतिशय कठीण असते. म्हणून विचारणा आधी व्हावी लागते.

यंत्राला विरोध करण्याचे कारण नाही. हैदराबादची सरकारी सागरी माहिती संस्था उपग्रहांच्या आधारे मासळीच्या संभाव्य जागा मच्छीमारांना विनामूल्य कळवते. विज्ञान सार्वजनिक राहिले तर ते कष्टकऱ्याच्या कामी येते. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये, वाढवण बंदराच्या पायाभरणीच्याच समारंभात, एक लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला. वादळात अडकलेल्या खलाशाचा त्याने जीव वाचेल. पण बोटीचा मार्ग म्हणजे तिच्या मासेमारीच्या जागांचा नकाशा असतो; उधाण-भांगाचा हिशेब ठेवून पिढ्यांनी मिळवलेले ते ज्ञान असते. ती नोंद कोण पाहील, किती काळ ठेवील आणि कोणत्या कंपनीला देईल, याचे लेखी उत्तर मराठीत मिळाले पाहिजे. वाढवणमुळे गेलेल्या मासेमारी क्षेत्राचा दावा मांडताना तीच नोंद मच्छीमाराच्या हातीही हवी.

एकट्यादुकट्याची संमती ही बलाढ्याशी केलेली दुबळ्याची सही असते. कार्यकर्त्यांनी हा विषय मच्छीमार संस्थांच्या सर्वसाधारण सभेत न्यावा. विचारल्याशिवाय घेणे नाही, नकार दिल्यास सेवा बंद करणे नाही आणि सभासदांच्या माहितीचा सौदा संस्थेला वगळून नाही, असे तीन ठराव तिथे व्हावेत. भावाचा प्रश्न एकट्याने सुटला नव्हता. हाही सुटणार नाही.