अंगठ्याखालचे स्टिअरिंग

आपल्या चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यात २०२२ पर्यंत पोलो तयार होत असे. तिचे रॅलीतले भावंड २०१५ च्या 'डर्ट रॅली' या खेळात धावते. मित्र म्हणतात, अगदी खऱ्यासारखी! मला हे मुळीच पटत नाही. खऱ्या गाडीत पुढच्या टायरची पकड सुटू लागली की स्टिअरिंग हाताला हलके लागते, हाच इशारा. कंट्रोलरवरच्या स्टिकला मात्र नुसती स्प्रिंग. ताशी वीसला जेवढी ओढ, तेवढीच दीडशेला! कंट्रोलर थरथरतो खरा, पण त्यातून वळणाचा भार कळत नाही. शिवाय अंगठ्याचा झटका सौम्य करून चाके बेताने वळवण्याचे काम बहुतेक खेळ परस्परच उरकतात. शाबासकी मात्र आपल्याला! या भरवशावर कंटेनरांनी गजबजलेल्या पुणे-नाशिक रस्त्यावर गाडी काढायला निघालेल्या मित्रांची मला धास्तीच वाटते.