टॉवरवर खापर फोडणं बंद करा

सिल्वासात चिमण्यांचा विषय निघाला की कोणीतरी मोबाइलच्या टॉवरकडे बोट दाखवतं आणि बोलणं तिथेच संपतं. ही सबब मला आता ऐकवत नाही. टॉवरमुळे चिमण्या गेल्या याला ठोस पुरावा नाही. 2020 च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालाने तेच सांगितलं. शिवाय देशभरात चिमणी साधारण टिकून आहे, मोठ्या शहरांत घटली आहे, असंही नोंदवलं. टॉवर तर खेड्यातही आहेत! मग शहरात वेगळं काय घडतंय ते बघा की.

चिमणी दाणे टिपते, पण तिची पिल्लं सुरुवातीला किडे-अळ्यांवरच वाढतात. शिंपी, दयाळ, बुलबुल यांच्या पिल्लांचंही तेच. आणि आपण काय करतो? पाठीवर पंप घेतलेला माणूस बोलावून सोसायटीचं झाडन्‌झाड विषाने धुऊन काढतो. पानाला भोक पडलं की तक्रार करणारी माणसं माझ्याच इमारतीत राहतात. ते भोक म्हणजे एका पिल्लाचा घास होता, हे त्यांना कोणी सांगायचं? बाग तरी कसली, कातरलेलं लॉन, पेव्हर ब्लॉक आणि कुंपणाला कोनोकार्पस. हे परदेशी झाड लावायला शेजारच्या गुजरातच्या वन खात्याने 2023 मध्ये बंदी घातली. आपल्याला अजून ते हिरवं दिसतं एवढंच पुरतं.

वारली-कोकणा आदिवासींच्या कुडाच्या घरात वळचण होती, कौलांखाली फट होती, अंगणात भात झोडताना सांडलेले दाणे होते. करसवलती आल्या, कारखाने आले, शेतांचे प्लॉट झाले. रोजगार आला हे मी नाकारत नाही. पण नव्या इमारतीच्या सपाट भिंतीत चिमणीने घरटं कुठे करायचं, हा प्रश्न एकाही नकाशावर कोणी विचारला नाही.

‘आपल्याकडे जंगल भरपूर आहे’ हे उत्तर तर निव्वळ फसवं आहे. आपल्या दादरा नगर हवेलीचा सुमारे 40 टक्के भाग जंगल आहे, खरं. पण चिमणी दाट जंगलात राहत नाही, ती माणसाच्या सोबतीने राहते. तिला खानवेलचं रान दाखवून उपयोग नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’च्याच 2023 च्या अहवालात दीर्घकालीन कल तपासता आलेल्या 338 जातींपैकी 60 टक्के घटल्या आहेत. पारवे मात्र वाढले. ज्याला काहीही चालतं तोच उरतोय.

20 मार्चला चिमणी दिन येतो, लाकडी खोकी वाटली जातात, फोटो निघतात. त्याच आठवड्यात फवारणीही होते. पिल्लाला अळी मिळणार नसेल तर खोकं टांगून काय करायचं? आधी फवारणीचं कंत्राट रद्द करा, लॉनचा एक कोपरा गवताला सोडा, कोनोकार्पस उपटून तिथे बोर, करंज, कढीपत्ता लावा. सोसायटीच्या पुढच्या बैठकीत मी हाच ठराव मांडणार आहे, आणि विरोध करणाऱ्याने कारण लेखी द्यावं.