समुपदेशक काय फक्त कॉन्व्हेंटच्या पोरांनाच लागतो?

समुपदेशक हा शब्द आपल्या जव्हार-मोखाड्यात काढला की उत्तर ठरलेलं असतं. "ती कॉन्व्हेंटवाल्यांची थेरं आहेत. आमच्या पोरांना आधी नीट जेवायला मिळू द्या." हे बोलणाऱ्यांतल्या निम्म्यांची स्वतःची पोरं नाशिकला नाहीतर वसईला कॉन्व्हेंटमध्येच शिकतायत, ते सोडा. मुद्द्याचं बोलू.

आपल्याच पालघर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, वसईत, कॅथलिक संस्थांच्या जुन्या शाळा आहेत. तिथल्या आणि मुंबईतल्या अशा अनेक शाळांत समुपदेशक असतात. बहुतेक वेळा बाईच. त्यांना एक लहानशी खोली असते आणि त्या खोलीचं दार बंद होतं. हे दार महत्त्वाचं आहे. पोरगं आत जाऊन बोलतं ते स्टाफरूममध्ये पोचत नाही, असा नियम असतो. त्या बाई त्या पोराचे पेपर तपासत नाहीत, त्याला छडी दाखवत नाहीत, त्याची सुट्टी मंजूर-नामंजूर करत नाहीत. म्हणून तर पोरगं बोलतं. नववी-दहावीत त्याच बाई पुढे काय करायचं त्याचीही चर्चा करतात, आईबापाला बोलावून घेतात.

आता कोणीतरी लगेच धर्मांतराचा विषय काढणार. काढू नका. समुपदेशक म्हणजे फादर नाही आणि ती खोली म्हणजे पापनिवेदनाची जागा नाही. हे मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकलेल्या माणसाचं काम आहे, त्याला धर्म लागत नाही. आणि तिथेही सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. आठवड्यातून दोन दिवस येणारी कंत्राटी बाई, तिच्याकडे फक्त दंगेखोर पोरं पाठवायची, हेही चालतं. पण पद आहे. विचारायला कोणीतरी आहे.

आपल्याकडे काय आहे? सहा वर्षांचं लेकरू आश्रमशाळेत येऊन पडतं. दिवाळी झाली की आईबाप भिवंडीकडच्या, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ते पावसाच्या तोंडाला परत. मधले सहा-सात महिने ते पोर कोणाजवळ बोलतं? अधीक्षकाजवळ? ज्याच्या हातात जेवणाची भांडी, खोलीची चावी आणि घरी सोडायचा अर्ज, त्याच्याविषयीच तक्रार असली तर? वयात आलेल्या पोरीने कोणाला सांगायचं? घरी वारली नाहीतर कातकरी बोली, वर्गात पुस्तकी मराठी, आणि रात्री शेजारच्या गादीवर तिच्याएवढीच घाबरलेली दुसरी पोरगी. कॉन्व्हेंटचं पोरगं निदान संध्याकाळी घरी जातं हो! गरज कोणाला जास्त आहे, तुम्हीच सांगा.

करिअर मार्गदर्शनाचं तर विचारूच नका. वर्षातून एक शिबिर. फ्लेक्स, नारळ, सत्कार, पाहुण्यांचं तासभर भाषण, "मोठी स्वप्नं बघा", फोटो, संपलं. दहावीला 2016 पासून सरकारने कलचाचणी घेतली, पोराच्या हातात कागद दिला: कल आरोग्य विज्ञानाकडे, कल गणवेशधारी सेवेकडे. त्या कागदाचा अर्थ सांगणारा माणूस दिला नाही. पुढे ती चाचणीही बंद झाली. 2020 मध्ये महाकरिअर पोर्टल आलं. मोखाड्यातल्या पाड्यावर रेंज शोधत झाडावर चढायचं आणि पोर्टल उघडायचं, असं आहे काय? पोराला हवं असतं साधं: सायन्स घेतलं तर पुढे सीईटी कधी, जात पडताळणीचा अर्ज आत्ताच का टाकायचा, वसतिगृह नाही मिळालं तर स्वयंम योजनेतून पैसे कसे मिळतात. हे वेळेवर कळलं नाही म्हणून नर्सिंगची सीट जाते. मग पोरगी म्हणते आर्ट्सला घातलं नाव, आणि बाप म्हणतो लगीन करू.

"समुपदेशक ही चैन आहे" असं आता म्हणताही येत नाही. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 ला निकाल दिला. 100 किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर जोडणी हवी. शिक्षक-शिक्षकेतर सगळ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली देखरेख समिती. कायदा होईपर्यंत हे बंधनकारक. आणि यात शाळा आल्या, कॉलेजं आली, क्लास आले, वसतिगृहं आली. आश्रमशाळा वगळा असं कुठेही लिहिलेलं नाही. आपल्याकडच्या कुठल्या आश्रमशाळेत शंभराच्या आत पोरं आहेत?

यावर साहेब लोक म्हणतील, शिक्षकच पुरे नाहीत, समुपदेशक कुठून आणू? खरंय. 2025 च्या पावसाळ्यात रोजंदारीवरचे शिक्षक-कर्मचारी नाशिकला आदिवासी विकास भवनासमोर बिऱ्हाड घेऊन बसले होते, ते आपण पाहिलं. पण एक खड्डा आहे म्हणून दुसरा बुजवायचा नाही? कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात दहा शाळांच्या गटामागे एक फिरता समुपदेशक सुचवला होता. साठ वर्षं होत आली. जव्हार प्रकल्प कार्यालयाने तेवढंच केलं तरी सुरुवात होईल. वारली, कोकणा, महादेव कोळी समाजातली समाजकार्य शिकलेली पोरंपोरी आहेत, त्यांना घ्या. बोली येणारा माणूस हवा. पुण्याहून येऊन महिन्यातून एकदा पीपीटी दाखवणारा नको.

एक मात्र आत्ताच सांगून ठेवतो. एखाद्या शिक्षकाच्या गळ्यात "समुपदेशक" असा जादा कार्यभार अडकवून कागद रंगवू नका. आणि पोराने लैंगिक अत्याचाराविषयी काही सांगितलं तर ते संस्थेची अब्रू म्हणून दाबायचं नसतं. पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवावंच लागतं, न कळवणं हा गुन्हा आहे. गुप्तता पोराच्या भल्यासाठी असते, अधीक्षकाच्या नाही.

सोमवारी प्रकल्प कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकतोय. शाळानिहाय पटसंख्या किती, समुपदेशक कोण, नेमणुकीचा आदेश कोणत्या तारखेचा, मागच्या वर्षात किती दिवस आले. जिल्हाधिकारी कार्यालयाला समितीच्या बैठकांचं इतिवृत्त मागतोय. शाळा व्यवस्थापन समितीत असलेल्या पालकांनी हेच प्रश्न पुढच्या बैठकीत विचारा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकतो. तीस दिवसांत नाही आलं तर तेही टाकतो.